पलटणीत गेलेल्या आजोबांचा माग: वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसेवा कितपत कामाची?

दुसऱ्या महायुद्धात सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर भागातली गावंच्या गावं पलटणीत गेली. त्यांची नातवंडं आता आजोबांची माहिती शोधू लागली आहेत आणि बहुतेकांचा पहिला थांबा असतो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे दोन महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट. सेवा पूर्ण मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही आणि सापडलेल्या नोंदींची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या साइट्सकडे वळण्याआधी इथेच यावं. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: ही सैनिकांची यादी नाही, मृतांची यादी आहे. त्यातही 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत असताना गेलेल्यांची. पहिल्या महायुद्धासाठी हा काळ 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 असा धरला आहे. आजोबा सुखरूप परत आले असतील, तर इथे कितीही शोधलं तरी त्यांचं नाव निघणार नाही.

याची खात्री दोन नावांवर करून घेता येते. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांची नोंद इथे इटलीतल्या कसिनो मेमोरियल या स्मारकाखाली सापडते. त्याच मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, पण ते जिवंत परतले. म्हणून ते या यादीत नाहीत. आधी हा फरक समजून घ्या, म्हणजे हातची संध्याकाळ वाया जाणार नाही.

आता शोधाकडे येऊ. साधा शोध मराठी नावांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली स्पेलिंगची. भरतीच्या वेळी कारकुनानं कानाला लागलं तसं नाव इंग्रजीत उतरवलं. पवार हे पी-ए-डब्ल्यू-ए-आर असेल तसंच पी-ओ-डब्ल्यू-ए-आर असेल. चव्हाणमध्ये व्ही किंवा डब्ल्यू, भोसलेमध्ये मध्येच एक एन, जाधवमध्ये एच गायब किंवा शेवटी ए-ओ. वर ज्यांचं नाव आलं त्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत एकापेक्षा जास्त तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. साध्या शिपायाचं काय घेऊन बसलात! दुसरी गोष्ट रकान्यांची. अनेक भारतीय नोंदींत अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात बसवलं आहे आणि नावाचा रकाना रिकामा आहे. म्हणून तुम्ही ‘गणपत’ पहिल्या रकान्यात आणि ‘मोरे’ दुसऱ्यात टाकलंत की शून्य निकाल येतो. नावाचा रकाना मोकळा सोडून आडनावाच्या रकान्यात आधी नुसतं आडनाव, मग नुसतं नाव आणि मग दोन्ही एकत्र, अशा तीन फेऱ्या माराव्यात.

तरीही सगळ्यात भरवशाची वाट नावाची नाहीच, गावाची आहे. प्रगत शोधात ‘अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन’ असा एक रकाना आहे. नोंदीखाली ‘अमक्याचा मुलगा, तमकीचा पती, गाव, जिल्हा’ अशी ओळ असते, तिच्यात हा रकाना शोधतो. ही ओळ प्रत्येक नोंदीला नाही, पण जिथे आहे तिथे वडिलांचं आणि बऱ्याचदा बायकोचंही नाव मिळतं आणि एकाच नावाच्या पाच शिपायांतून आपला माणूस ओळखता येतो. इथे जिल्हा आजचा टाकू नका. रायगड तेव्हा कुलाबा होता. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला, म्हणून मालवण, कणकवली, देवगडच्या लोकांनी रत्नागिरी टाकावं आणि सावंतवाडीकरांनी सावंतवाडीही टाकून पाहावं, कारण ते संस्थान होतं. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते. पुण्याचं स्पेलिंग पूना. गावाचं स्पेलिंग नावाइतकंच बेभरवशाचं, म्हणून आधी जिल्हा टाका, दलात ‘इंडियन’ निवडा, यादी एक्सेलमध्ये उतरवा आणि मग डोळ्यांनी चाळा. कंटाळवाणं काम आहे, पण याच पद्धतीनं नावं हाती लागतात.

रेजिमेंट टाकताना आजचं ‘मराठा’ चालत नाही. तेव्हाचं नाव ‘5थ मराठा लाइट इन्फंट्री’ होतं आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एम-ए नंतर एच येतो. घरात ‘मराठा पलटण’ म्हणत असले तरी आजोबा प्रत्यक्षात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर, इंडियन इंजिनिअर्समध्ये सॅपर (रस्ते-पूल, सुरुंग अशी कामं करणारा सैनिक) किंवा पायोनियर कोअरमध्ये असू शकतात. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंटही विसरू नका. मृत्यूची नेमकी तारीख कधीच टाकू नये. बेपत्ता झालेल्यांची तारीख अंदाजानं लिहिलेली असते. वर्षांचा पट्टा द्यावा.

निकाल वाचताना घरच्यांचा बहुतेक वेळा एक गैरसमज होतो. ‘मेमोरियल’ लिहिलं म्हणजे तिथे समाधी आहे असं नव्हे. हिंदू सैनिकांचं दहन झालं, त्यांची नावं दहन स्मारकांवर आहेत: इटलीत सांग्रो नदीकाठी आणि फोर्लीला, एरिट्रियात केरेनला, बर्मात टाउक्यानला. ज्यांचा देहच मिळाला नाही त्यांची नावं कसिनो, टाउक्यानमधलं रंगून मेमोरियल, सिंगापूर मेमोरियल अशा ठिकाणी. नुसत्या रंगून मेमोरियलवर सुमारे 27,000 नावं आहेत. भारतातच, हॉस्पिटलात किंवा छावणीत गेलेल्या सैनिकाची नोंद बहुधा ‘दिल्ली/कराची 1939-1945’ या स्मारकाखाली असते. पुण्याच्या खडकी वॉर सिमेटरीत जाऊन थडगं शोधणारे बरेच जण निराश होतात ते याचमुळे.

पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत मात्र या संस्थेला पूर्ण गुण देता येत नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कुत 29 एप्रिल 1916 ला पडलं. तिथल्या बसरा मेमोरियलवर 40,000 च्या वर मृतांचं स्मरण आहे, पण भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा दिला. हा अन्याय होता, आणि 2021 च्या अहवालात कमिशननंच ते कबूल केलं. म्हणून पणजोबांचं नाव दगडावर नसलं तरी कमिशनच्या नोंदवहीत असू शकतं. गावच्या चावडीवर किंवा देवळाजवळ ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ अशी संगमरवरी पाटी आहे का तेही पाहा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत 46 जणांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे.

आणि आजोबा परत आले असतील तर? मग ही वेबसाइट बंद करा आणि घरातली पदकं बाहेर काढा. ब्रिटिश सैनिकांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव नसतं, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र ते बहुधा कोरलेलं असतं: गोल पदकाच्या कडेवर, सहा टोकांच्या स्टारच्या पाठीमागे. आधी नंबर, मग हुद्दा, नाव आणि रेजिमेंटचं लघुरूप. चिंच, राख किंवा पॉलिश लावून मुळीच घासू नका. कड आधीच झिजलेली असते आणि घासल्यावर जो नंबर जातो तो कायमचा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून मोबाइलनं जवळून फोटो घ्या, नाहीतर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकी फिरवा. रिबनचे रंगही बोलतात: लाल-पांढरी-हिरवी म्हणजे इटली, वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा म्हणजे आफ्रिका.

नंबर मिळाला की पत्र रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महारसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड, आर्मर्ड कोअरसाठी (रणगाडा दल) अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर. पत्रात नंबर, हुद्दा, नाव जुन्या स्पेलिंगनं, गाव, तालुका, भरतीचं आणि सेवेतून सुटल्याचं साल, आणि तुमचं नातं लिहा. नंबराशिवाय गेलेल्या पत्राला सहसा उत्तर येत नाही. 1946 मध्ये घरी पाठवलेल्या अनेकांना पेन्शनच नव्हती, त्यामुळे पेन्शनच्या कागदांवर विसंबू नका. पण आजोबांनी किंवा आजींनी महायुद्धातल्या सैनिकांसाठीच्या राज्य सरकारच्या मानधनाचा अर्ज केला असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या फाइलीत डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत असण्याची चांगली शक्यता आहे. तिथे स्वतः जाऊन विचारलेलं बरं.

पलटण नक्की झाल्यावर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या ब्रिटिश सरकारी दफ्तरखान्यातल्या पलटणींच्या युद्धदैनंदिन्या उपयोगी पडतात. त्यांचे मालिका-क्रमांक ‘डब्ल्यूओ’ (वॉर ऑफिस) या अक्षरांनी सुरू होतात: इटलीसाठी डब्ल्यूओ 170, मध्यपूर्वेसाठी 169, बर्मासाठी 172. त्यांत शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटण कोणत्या तारखेला कुठे होती ते कळतं. शौर्यपदक मिळालं असेल तर डब्ल्यूओ 373 मध्ये शिफारसपत्र पाहा. त्यात त्या दिवशीचा पराक्रम परिच्छेदभर लिहिलेला असतो.

कमिशनच्या नोंदीत वडिलांचं नाव किंवा गाव चुकलं असेल तर साइटवरच्या फॉर्मनं दुरुस्ती मागता येते. तोंडी माहिती चालत नाही: डिस्चार्ज बुक, मृत्यूची तार, पदकाचा फोटो असा त्या काळातला पुरावा लागतो. मोडीतला कागद असेल तर आधी त्याचं लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळ कागद घरीच ठेवून स्कॅन पाठवा.