बाबांसाठी घरी नर्स लावली: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव (नागपूर)

घरी हृदयाचा पेशंट आहे आणि नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून नर्स लावावी की नाही, असा घोळ ज्यांच्या घरात सुरू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. बाबा एकाहत्तरचे, डायबेटिस जुना. थंडीत बायपास झाली. हृदयाचं पंपिंग कमी, शिवाय पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या. आम्ही राहतो मानेवाड्याला.

पहिली गोष्ट, ब्युरोवाले फोनवर 'सिस्टर पाठवतो' म्हणतात आणि दारात उभी राहते अटेंडंट. ड्रेस तोच, त्यामुळे कळतही नाही. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, आणि दोघींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. तो नोंदणी क्रमांक आधी मागा. अटेंडंट वाईट नाही. आंघोळ, चालवणं, जेवू घालणं ती छान करते. पण आमच्याकडे आलेल्या पहिल्या बाईंनी शर्टाच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा बांधला, बाबांशी गप्पा मारत मारत. असा आकडा वहीत लिहून उपयोग काय? पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर ठेवून घेतलेलं बीपी वेगळंच निघालं.

भांडून जीएनएम सिस्टर मागितली. दर अटेंडंटच्या जवळपास दुप्पट, पण पहिल्याच आठवड्यात पैसे वसूल वाटले. तिने आल्या आल्या वजनकाटा मागितला. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. हृदय कमकुवत असलं की अंगात पाणी साठतं आणि पायावर सूज दिसण्याआधी ते काट्यावर दिसतं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन. लग्नाघरचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी काटा बरोबर चुगली करायचा.

मग तिने स्वयंपाकघर तपासलं. आईला हे अजिबात आवडलं नाही. लोणचं, पापड, सांडगे बाजूला झाले, ते अपेक्षितच होतं. पण एका नातेवाइकाने प्रेमाने आणून दिलेलं 'लो सोडियम' मीठही तिने उचलून ठेवलं. त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असतं, आणि बाबांच्या गोळ्यांत रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन होत्या. दोन्हींनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. पाकिटावर हे कोण वाचतं?

पायांचं प्रकरण मात्र रोजचं. 'काका, पाय दाखवा बरं', आणि बाबांचं ठरलेलं, 'रोज रोज काय पाहून राहिली वो पायात?' बोटांच्या बेचक्या, टाचा, पायाच्या वरच्या बाजूला नाडी लागते का, सगळं बघायची. जानेवारीतल्या थंडीत बाबा गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायचे, ती तिने बंद केली. डायबेटिसमुळे चटका कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असला की भाजल्याची जखम भरत नाही. बायपाससाठी शीर काढलेल्या पायावर सूज होती म्हणून शेजाऱ्यांनी घट्ट मोजे सुचवले. ते घालायच्या आधी घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघायला तिने सांगितलं. घोट्याचं भागिले दंडाचं, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली म्हणजे पायाची धमनी अरुंद. बाबांचं खालीच निघालं. पायाला रक्तपुरवठा आधीच कमी, म्हणून डॉक्टरांनी मोज्यांना नाही म्हटलं.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा पंचेचाळीसच्या घरात, कूलर सुरू असूनही अंगाला घाम, आणि बाबांना दिवसाला दीड लिटरच पाणी, वर लघवीची गोळी. वजन वाढायच्या ऐवजी उतरायला लागलं. आम्ही खूशच होतो! सिस्टर मात्र खूश नव्हती. तिने बीपी आधी झोपवून घेतलं, मग उभं करून, आणि वरचा आकडा वीसपेक्षा जास्त पडला. सकाळी उठताना येणारी चक्कर त्याचीच. तिने स्वतः गोळी कमी केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आकडे लिहून डॉक्टरांना पाठवले. त्यांनी उन्हाळ्यापुरता डोस कमी केला आणि पाण्याची मर्यादा थोडी वाढवली.

आता तक्रारी. त्याच मे महिन्यात सिस्टर सुट्टीवर गेली आणि ब्युरोने न सांगता बदली पाठवली, जिला वही कुठे असते हेही माहीत नव्हतं. ॲडव्हान्स घेताना गोड बोलणारे लोक रात्री फोन उचलत नाहीत. आणि चोवीस तासांच्या पॅकेजच्या नादी लागू नका. रात्री बाबाही झोपतात, सिस्टरही झोपते, आणि पैसे पूर्ण जातात. ज्यांना रात्री ऑक्सिजन किंवा सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) लागतं त्यांचं वेगळं.

माझ्या मते घरी आल्यावरचा पहिला दीड-दोन महिना नोंदणीकृत नर्सच हवी, भले दिवसाचीच. छातीचं हाड जुळायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तोवर उठताना हातावर जोर द्यायचा नाही, खोकताना उशी छातीशी धरायची, हे कोणीतरी सतत सांगावं लागतं. मुलांचं ऐकत नाहीत, सिस्टरचं ऐकतात.

पावसाळा लागल्यापासून आमच्याकडे दिवसा अटेंडंट आणि आठवड्यातून दोनदा त्याच सिस्टरची व्हिजिट असं आहे. वजनाची वही आता आई लिहिते. बदली पाठवायची तर आदल्या दिवशी कळवायचं, असं ब्युरोकडून लेखी घेतलंय. निम्म्या वेळा पाळतात. पोळ्यानंतर इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे, तोवर हीच व्यवस्था.