दुसरा राइटहेडर मुकाट गिळणारा रेकॉर्डर: गोच्या एचटीटीपीटेस्टचा वापरानंतरचा अनुभव

गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतील एचटीटीपीटेस्ट (httptest) हे पॅकेज अनेक महिन्यांपासून आमच्या सर्व हँडलर-चाचण्यांचा, म्हणजे वेब-विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनांच्या चाचण्यांचा, आधार आहे, आणि हा अनुभव लिहायला निमित्त झाले ते एका हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण होणाऱ्या, चाचणीचे. नोंदणी स्वीकारणाऱ्या एका हँडलरमध्ये सदोष विनंतीला 400 (विनंती चुकीची) हा स्टेटस कोड देणारी एचटीटीपी.एररची ओळ होती, पण तिच्यापाठोपाठ रिटर्न नव्हते. एरर हे फंक्शन केवळ उत्तर लिहिते, हँडलर थांबवत नाही. त्यामुळे क्लायंटला 400 मिळत असतानाच खालचा कोड डेटाबेसमध्ये नोंद करून मोकळा होत होता आणि वर 201 (नोंद तयार झाली) लिहायचाही प्रयत्न करत होता. क्लायंट 400 पाहून दुरुस्त केलेली विनंती पुन्हा पाठवी, आणि एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी तयार होत. चाचणी मात्र फक्त 'कोड 400 आला का?' एवढेच विचारत होती आणि तो दर वेळी येतच होता.

न्यूरेकॉर्डरने रेकॉर्डर (हँडलरचे उत्तर जाळ्यावर न पाठवता टिपून ठेवणारा) तयार करायचा, न्यूरिक्वेस्टने विनंती बनवायची, हँडलरला दोन्ही द्यायचे आणि मग कोड व बॉडी तपासायची, ही पद्धत वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालतो. या पद्धतीचा वेग आणि साधेपणा यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही: पोर्ट उघडावा लागत नाही, बाहेरचे एकही अवलंबन नाही, आणि शेकडो चाचण्या क्षणात संपतात. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि ती या पॅकेजच्या एकूण आकाराच्या मानाने कदाचित फार मोठी वाटेल. हँडलरने राइटहेडर, म्हणजे उत्तराचा स्टेटस कोड लिहिणारे फंक्शन, दुसऱ्यांदा बोलावला तर रेकॉर्डर तो मुकाट गिळून टाकतो.

खरा सर्व्हरसुद्धा दुसरा कोड पाठवत नाही, कारण पहिला कोड आधीच पक्का झालेला असतो. पण तो निदान लॉगमध्ये 'सुपरफ्लुअस रिस्पॉन्स डॉट राइटहेडर कॉल' (अनावश्यक राइटहेडर हाक) अशी ओळ लिहितो, आणि ती कोणत्या फंक्शनातून, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवरून आली तेही सांगतो. म्हणजे ज्या चुकीचा अचूक पत्ता प्रत्यक्ष सेवेत विनासायास मिळतो, ती चूक पकडण्यासाठीच लिहिलेल्या चाचणीत तिचा मागमूसही लागत नाही. आमची दुहेरी नोंद अखेर त्या लॉगवरूनच सापडली. चाचणीच्या साधनाने खऱ्या सर्व्हरपेक्षा कडक असावे अशी माझी अपेक्षा नाही. पण त्याने सर्व्हरपेक्षा सौम्य असू नये, एवढे मागणे अवाजवी नाही.

रेकॉर्डरच्या बाजूने बोलायचे तर त्याच्याकडे ना चाचणीचा 'टी' (चाचणी नापास ठरवता येणारी वस्तू) असतो, ना लॉगर. तो तक्रार नोंदवणार तरी कुठे? हे कारण मला पटते, पण दुसऱ्यांदा आलेला कोड एखाद्या फील्डमध्ये साठवून ठेवायला या दोहोंपैकी कशाचीच गरज नव्हती.

याच सौम्यपणाचे दुसरे रूप हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, दिसते. राइटहेडरनंतर लावलेला हेडर खऱ्या उत्तरात जात नाही. रेकॉर्डरच्या हेडर() मध्ये मात्र तो दिसतो, कारण ते हँडलरकडे दिलेलेच मॅप परत देते. आमच्या काही चाचण्या लोकेशन हेडर तिथून वाचत होत्या आणि क्लायंटपर्यंत कधीही न पोहोचणाऱ्या हेडरला शाबासकी देत होत्या. यावर उपाय मात्र पॅकेजमध्येच आहे: गो 1.7 पासून असलेले रिझल्ट() पहिल्या लेखनाच्या क्षणी घेतलेली हेडरची प्रत देते. तेव्हापासून रेकॉर्डरचे हेडर थेट वाचणारी चाचणी मी पुनरावलोकनात मंजूर करत नाही.

त्या प्रकरणानंतर काही काळ माझे ठाम मत असे झाले होते की रेकॉर्डर सोडून द्यावा आणि प्रत्येक चाचणी न्यूसर्व्हरवर, म्हणजे लूपबॅकवरच्या (त्याच संगणकातल्या) खऱ्या सर्व्हरवर चालवावी. न्यूअनस्टार्टेडसर्व्हर घेतला, सुरू करण्यापूर्वी त्याच्या कॉन्फिगमधील एररलॉग एका बफरकडे वळवला आणि चाचणीच्या शेवटी बफर रिकामा आहे का ते पाहिले, की तो हरवलेला इशारा परत मिळतो. तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था निर्दोष आहे. तरीही ती मला मानवली नाही. प्रत्येक उत्तराची बॉडी बंद करावी लागते, चालू विनंत्या संपेपर्यंत सर्व्हरचे क्लोज अडून राहते, आणि मुख्य म्हणजे क्लायंट पुनर्निर्देशनाच्या (दुसऱ्या पत्त्यावर जा असे सांगणाऱ्या उत्तराच्या) मागे आपणहून धावत जातो, त्यामुळे 302 हा पुनर्निर्देशनाचा कोड तपासायला जावे तर हाती पुढच्या पानाचा 200 (यश) किंवा 404 (सापडले नाही) येतो. चेकरिडायरेक्टमधून एररयूजलास्टरिस्पॉन्स परत केले की तेही थांबते, पण एका स्टेटस कोडसाठी एवढी मांडामांड प्रत्येक फाइलमध्ये करण्याइतका उदार मी नाही. चाचण्यांची एकूण वेळही डोळ्यांवर येईल इतकी वाढली होती, आणि वेळ वाढली की लोक चाचण्या चालवणे टाळतात.

म्हणून मत पुन्हा बदलले आणि रेकॉर्डर परत आला, मात्र एका वेष्टनासह. रेकॉर्डर आत ठेवणारा वीस-पंचवीस ओळींचा एक प्रकार लिहिला, ज्याला चाचणीचा 'टी' माहीत असतो. कोड आधीच लिहिला गेला असताना राइटहेडर पुन्हा आला, तर तो थेट टी.एररएफ करतो, म्हणजे चाचणी नापास ठरवतो. यात एक खाच आहे. केवळ राइटहेडर झाकून भागत नाही, कारण हँडलरने आधी राइट (बॉडी लिहिणे) किंवा फ्लश (साठलेले पाठवणे) बोलावले तर आतला रेकॉर्डर 200 स्वतःच नोंदवतो आणि वेष्टनाला त्याचा पत्ता लागत नाही. ती दोन्ही फंक्शनेही वेष्टनात घ्यावी लागतात. शिवाय 101 सोडून 100 ते 199 मधले माहितीपर कोड वगळावे लागतात, कारण अंतिम कोडाआधी ते पाठवणे वैधच आहे. हे वेष्टन लागू केल्याबरोबर रिटर्न विसरलेल्या आणखी काही जागा लाल झाल्या, ज्यांचा कोणालाही संशय नव्हता.

एक भगदाड तरीही उरते. एररनंतर रिटर्न नाही आणि पुढचा कोड राइटहेडर न बोलावता नुसती बॉडी लिहितो, अशा वेळी सर्व्हरही काही बोलत नाही आणि वेष्टनही नाही. क्लायंटला त्रुटीचा मजकूर आणि त्याला चिकटलेले यशाचे जेसन असे एकत्र मिळते. म्हणून 4 ने सुरू होणाऱ्या प्रत्येक कोडाच्या चाचणीत आता दोन गोष्टी अधिक तपासल्या जातात: संपूर्ण बॉडी, आणि बनावट साठवणीवर लिहिण्याचे फंक्शन एकदाही बोलावले गेले नाही ही बाब. माझ्या मते यांतली दुसरी तपासणी स्टेटस कोडाहूनही महत्त्वाची आहे, कारण 400 हा क्लायंटला दिलेला शब्द आहे आणि तो पाळला गेला की नाही हे केवळ साठवणीतच दिसते.

हँडलर थेट बोलावण्याचा आणखी एक तोटा म्हणजे राउटर, म्हणजे पत्ता पाहून हँडलर निवडणारा भाग, वगळला जातो. गो 1.22 पासून सर्व्हमक्सच्या, म्हणजे गोच्या राउटरच्या, नमुन्यात पद्धत (गेट, पोस्ट वगैरे) आणि मार्गातील चल लिहिता येतात. चुकीच्या पद्धतीला तो स्वतःच 405 (पद्धत चालत नाही) देतो आणि सोबत चालणाऱ्या पद्धती सांगणारा अलाउ हेडर लावतो, जो एचटीटीपीच्या मानकानुसार, म्हणजे 2022 च्या आरएफसी 9110 नुसार, बंधनकारकच आहे. यांतले काहीही थेट हाकेत तपासले जात नाही, आणि मार्गातल्या चलाचे मूल्य देणारी पाथव्हॅल्यू तर रिकामीच येते; सेटपाथव्हॅल्यूने ती हाताने भरता येते, पण मग मार्गाच्या नमुन्यातली चूक झाकली जाते. आम्ही आता सर्व्हएचटीटीपीची हाक सर्व्हमक्सवरच देतो. खर्च जवळपास शून्य आहे.

इतर फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी हे वाचून निश्चिंत होऊ नये. पायथॉनमधल्या फास्टएपीआयचा टेस्टक्लायंट पुनर्निर्देशने आपणहून पाळतो, आणि हँडलरमधला अपवाद 500 (सर्व्हरमधली चूक) म्हणून न देता चाचणीतच वर फेकतो; 500 खरोखर पाहायचा असेल तर रेझ_सर्व्हर_एक्सेप्शन्स बंद करावे लागते. पायथॉनच्याच जँगोचा चाचणी-क्लायंट पुनर्निर्देशने आपणहून पाळत नाही, पण अपवाद मात्र तोही फेकतोच. शिवाय फास्टएपीआय सदोष विनंतीला मुळातच 422 (विनंतीतील माहिती अवैध) देतो, त्यामुळे दुसरीकडून सवयीने आणलेली 400 ची अपेक्षा तिथे पहिल्याच फेरीत कोसळते, जे चांगलेच आहे.

पॅनिकबाबत, म्हणजे हँडलर मध्येच कोसळण्याबाबत, रेकॉर्डर खऱ्या सर्व्हरहून वेगळा वागतो, पण इथे तो कडक बाजूला झुकतो. सर्व्हर पॅनिक सावरून लॉग लिहितो आणि जोडणी तोडतो. क्लायंटला 500 नव्हे, तर कोणताच कोड मिळत नाही. रेकॉर्डरसोबत मात्र तोच पॅनिक त्या पॅकेजच्या चाचण्यांचा सगळा क्रम बंद पाडतो. 500 हवा असेल तर सावरणारे मिडलवेअर (हँडलरभोवतीचा कोडचा थर) लागते आणि चाचणी त्याच्यासकट चालवावी लागते. त्या मिडलवेअरची एक चाचणी मुद्दाम अशी ठेवावी, जिच्यात हँडलर आधी बॉडीचा काही भाग लिहितो आणि मग पॅनिक करतो: कोड 200 म्हणून गेलेला असतो, मिडलवेअर 500 लिहू पाहते, आणि आमचे वेष्टन तिथे लाल होते. टेम्प्लेटमधून थेट उत्तरात लिहिणाऱ्या हँडलरांचेही असेच होते, कारण मध्येच चूक झाली तरी अर्धे पान 200 सह गेलेले असते. असे हँडलर आम्ही एकेक करून आधी बफरमध्ये लिहून मगच उत्तर पाठवणारे केले. काही अजून बाकी आहेत, आणि त्यांच्या चाचण्या तोवर लालच ठेवल्या आहेत.