राउटर चालू करायच्या नावाखाली ९७,९४९ रुपये गेले: इंदूरकरांनो, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या नंबरला फोन लावू नका

कंपनीची मदत समजून एका भामट्याला फोन लावला, त्यात माझे किती गेले ते आकडे आधी सांगते, कारण पोलिस ठाण्यात, बँकेत, नातेवाइकांत सगळीकडे "गेले असतील थोडेफार" असंच धरून चालतात. १,४९९. मग ८,८५०. मग ४९,०००. मग ३८,६००. एकूण ९७,९४९ रुपये. ज्या राउटरपायी हे झालं तो जेल रोडवरून १,८४९ रुपयांना पक्क्या बिलानं आणलेला. त्याच्यात काही खोट नव्हती. आज घरात तोच चालू आहे, आणि तो चालू करायला विकत घेतल्यावर वेगळा एक पैसाही लागत नाही. हे वाक्य माझ्यासारख्या प्रत्येकानं लक्षात ठेवा: घरच्या राउटरला 'ॲक्टिव्हेशन' नसतं, 'लायसन्स' नसतं, वार्षिक फी नसते.

मी सुदामानगरला घराच्या पुढच्या खोलीत जीएसटी रिटर्न आणि हिशेबाचं काम करते. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, मदतीला एक मुलगी. फायबरवाल्यांनी बसवून दिलेल्या डब्याचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नव्हतं, म्हणून दोन बँडचा राउटर आणला. ती १९ तारीख होती. या कामातल्या लोकांना १९ तारीख म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, पोर्टल रेंगाळतंय, सियागंजातल्या पार्ट्यांचे, म्हणजे माझ्याकडे काम देणाऱ्या व्यापाऱ्यांचे, फोनवर फोन. "एवढी शिकलेली बाई, रोज टॅक्सचं काम करते, आणि अशी कशी फसली?" असं ज्यांना विचारायचंय, त्यांनी १९ तारखेला दुपारी चार वाजता माझ्या खुर्चीत बसून बघावं.

राउटरच्या खालच्या स्टिकरवर १९२.१६८.०.१ असा पत्ता होता. मोबाइलवर टाकला, पान उघडेना. राउटरवरचा दिवा केशरीच. असं का होतं ते आता कळलंय, आणि ते कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. नव्या राउटरवर अजून इंटरनेट आलेलं नसतं. मोबाइलला ते कळतं आणि तो आपोआप सिमच्या डेटावर जातो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरातल्या नेटवर्कमध्ये चालतात, बाहेर ते सापडूच शकत नाहीत. मोबाइल डेटा बंद करायचा, राउटरच्या वायफायला जोडायचं, पत्ता वरच्या पट्टीत टाकायचा. बस. माझ्या राउटरबरोबर आलेल्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

मग जे सगळे करतात तेच मी केलं, सर्च केलं. सगळ्यात वर राउटरच्या कंपनीचं चिन्ह, कंपनीचाच रंग, 'लॉगिन सपोर्ट' आणि टोल-फ्री नंबर. 'प्रायोजित' हा शब्द एवढ्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही शोधावा लागतो. पैसे भरून वर चढवलेली जाहिरात होती ती. मदतीचा नंबर हवा असेल तर राउटरच्या खोक्यावर छापलेला घ्या, दुसरा कुठलाही नको.

फोनवरचा माणूस हिंदीत, फार अदबीनं बोलत होता. आधी स्टिकरवरचा सीरियल नंबर विचारला, बिलाची तारीख विचारली. सीरियल नंबर विचारणारा माणूस कुणालाही कंपनीचाच वाटेल. मग म्हणाला, डिव्हाइस नोंदलेलं नाही, ॲक्टिव्हेशनचे १,४९९ भरा. यूपीआयवर नाव कुणा बाईचं आलं. विचारलं, तर "अकाउंट विभागाच्या मॅडम आहेत". भरले. मग लॅपटॉपवर स्क्रीन दाखवायचं ॲप घ्यायला लावलं. तसली ॲप आम्ही रोज वापरतो, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मुलगा त्यावरूनच दुरुस्ती करतो, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही.

त्यानंतर त्यानं जे दाखवलं ते नीट वाचा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून नोंदवही असते, ती उघडली. लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. "या सगळ्या घुसखोरीच्या नोंदी." मग काळी खिडकी उघडून नेटस्टॅट असा हुकूम टाइप केला. आकड्यांची रांग आली आणि वर रकान्याचं नाव 'फॉरेन ॲड्रेस'. "मॅडम, ये देखिए, बाहर के लोग आपके नेटवर्क में बैठे हैं।" माझ्या लॅपटॉपवर पार्ट्यांचे पासवर्ड आहेत, डिजिटल सह्या आहेत. ते ऐकून हातपाय गार पडले. नंतर भाच्यानं त्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर हेच दोन्ही उघडून दाखवलं. तिथेही लाल खुणा, तिथेही फॉरेन ॲड्रेस. जोडणीच्या पलीकडच्या टोकाला तो रकाना 'फॉरेन' म्हणतो, एवढाच त्याचा अर्थ. जगातल्या प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर तो दिसतो.

'तीन वर्षांचं नेटवर्क सिक्युरिटी लायसन्स': ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी १,३५०, एकूण ८,८५०. इनपुट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळेल म्हणून मी माझा जीएसटी नंबर दिला. पैसे गेले आणि लगेच बिल आलं.

या बिलापाशी माझा जीव अजून अडकलेला आहे. विकणाऱ्याचा पत्ता दिल्लीचा. माझा पत्ता इंदूरचा, माझा नंबर २३ ने सुरू होणारा, म्हणजे मध्यप्रदेशचा. आणि कर लावलेला सीजीएसटी ६७५ आणि एसजीएसटी ६७५, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा असा दोन भागांत, जो एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागतो. दिल्लीहून मध्यप्रदेशात नोंदणी असलेल्या माणसाला सेवा दिली तर आयजीएसटी लागतो, सरळ १,३५०. ही चूक मी आठवड्यातून चार बिलांवर पकडते. पार्ट्यांना फोन करून बिलं परत पाठवते. माझ्या डोळ्यांना ती तत्क्षणी खुपली, आणि मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हर मध्यप्रदेशातला आहे, म्हणून लोकल टॅक्स." असलं उत्तर माझ्या एखाद्या पार्टीनं दिलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. बिलावरचा त्यांचा नंबर नंतर मोजला. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो: दोन राज्याची, दहा पॅनची, उरलेली तीन. त्या नंबरात चौदाच होती. पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये कुणाचाही नंबर टाकून बघता येतो, लॉगिनही लागत नाही. व्यापाऱ्यांनो, अनोळखी बिल आलं की पैसे द्यायच्या आधी तेवढं करा. ती सोय मी दिवसातून कितीदा वापरते, आणि त्या दिवशी समोरचा माणूस एक सेकंदही बोलायचा थांबत नव्हता. त्यांचं कामच ते आहे, विचार करायला जागा द्यायची नाही.

मी बिल दुरुस्त करून मागितलं, तर त्यानं तेच पकडलं. "बिल रद्द करून पूर्ण पैसे परत देतो, नेटबँकिंग उघडा, जमा झालेले दिसतील." मी लॉगिन केलं. स्क्रीन काळी झाली. "अपडेट सुरू आहे, हात लावू नका."

आता ओटीपीबद्दल, कारण सगळे तिथेच मला आरोपी करतात. मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. पार्ट्यांच्या पोर्टलचे ओटीपी सारखे लागतात म्हणून माझ्या फोनचे मेसेज लॅपटॉपवर दिसतात, तशी सोय केलेली आहे. आमच्या धंद्यात कितीतरी जण करतात. स्क्रीन फक्त मला काळी दिसत होती. त्याला सगळं दिसत होतं, मेसेजसुद्धा. नवा लाभार्थी जोडायच्या भानगडीत तो पडलाच नाही, ऑनलाइन खरेदीचे पैसे जातात तसे पेमेंट गेटवेतून सरळ काढले. ज्यांनी मेसेज लॅपटॉपला जोडून ठेवलेत त्यांनी आज, आत्ता ते तोडा.

४:४९ ला ४९,००० वजा झाल्याचा मेसेज. ४:५२ ला मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला, कॉल लॉग आहे. हिंदीसाठी दोन दाबा, कार्डासाठी एक दाबा, कर्ज हवं असेल तर चार दाबा. मी ते दाबत असताना, ४:५८ ला, ३८,६०० गेले. तोवर मदतनीस मुलीनं तिच्या फोनवरून भाच्याला गाठलं होतं. तो ओरडला, "आत्या, आधी फायबरच्या डब्याचं बटण बंद कर, बँक नंतर!" बंद केलं आणि तिथे थांबलं. हेल्पलाइनवर माणूस आला ५:११ ला. म्हणून बँकेच्या दप्तरी माझी तक्रार ५:११ ची. घरात असं काही घडत असेल तर पहिलं काम नेट तोडायचं.

१९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लागायला वेळ गेला, पण लागल्यावर तिथल्या बाईंनी नीट ऐकलं, पावती नंबर दिला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यामुळेच ११,३०० रुपये कुठल्याशा खात्यात अडकवले गेले. संतापानं डोकं फुटायची वेळ आली ती त्यानंतर.

ठाण्यात म्हणाले, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. लहान! माझ्या मदतनीस मुलीचा वर्षाचा पगारही एवढा होत नाही. आवेदन हिंदीत लिहून नेलं, तर ट्रान्झॅक्शन नंबर वेगळ्या कागदावर हवेत. ते नेले, तर बँकेचं स्टेटमेंट शिक्क्याचं हवं. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा मग शिक्का. पोलिस म्हणतात, शिक्का आणा मग पत्र. दोघांच्या मध्ये मी उन्हात स्कूटी घेऊन. आणि आवेदनावर नजरही न टाकता ठाण्यातला लिखापढी करणारा मुन्शी विचारतो, "मैडम, ओटीपी क्यों दिया?" शेजारी बसलेले दोन जण हसले. भाच्यानं त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. त्यावर उत्तर मिळालं, "कानून मत सिखाइए." नाव बदलून कॉम्प्युटरच्या साहाय्यानं फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तो नोंदवून घ्यायला एवढा त्रास का व्हावा? अडकवलेले ११,३०० सोडवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी त्यातूनच द्यायची का?

बँकेतला अधिकारी तर एकच वाक्य पाठ करून बसलेला, "ओटीपी वापरला गेला, म्हणजे जबाबदारी तुमची." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे, आणि ग्राहकानं कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यानं ते चाळलंही नाही. "मेल करा." मेल केलं, तर तीन ओळींचं साचेबंद उत्तर.

आणि ज्या सर्च कंपनीनं पैसे घेऊन ती जाहिरात वर लावली, तिच्याकडे तक्रार केल्यावर "आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद". नंतर कितीतरी दिवस ती जाहिरात तिथेच होती. तो फोन नंबर मी संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर, जिथे संशयास्पद फोन कळवता येतात, नोंदवलाय. तुम्हाला असा फोन आला आणि पैसे गेले नसतील तर तिथे नोंदवा, गेले असतील तर १९३० ला.

सगळ्यात जड गेलं ते पार्ट्यांना कळवणं. एकेकाला फोन करून सांगावं लागलं, पासवर्ड बदला, माझ्या लॅपटॉपवर परका माणूस होता. मल्हारगंजातल्या एका जुन्या पार्टीनं फाइल परत मागितली. माझ्या सासऱ्यांपासूनचा संबंध. हे रात्री पीथमपूरहून पाळी संपवून आले तेव्हा मला तोंड उघडवेना. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकलं. नुसतं ॲप काढून भागत नाही. राउटरचं रिसेटचं भोक टाचणीनं दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरलं.

मग भाच्यानं तो राउटर माझ्यासमोर बसून लावला. फायबरच्या डब्यातून आलेली केबल निळ्या वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेट आत घ्यायच्या खाचेत. मोबाइल डेटा बंद. पत्ता टाकल्याबरोबर पान उघडलं. आमचा फायबरचा डबा स्वतःच लॉगिन करतो, म्हणून जोडणीचा प्रकार 'डायनॅमिक आयपी'. ज्यांना कंपनीनं युजरनेम-पासवर्ड दिलाय त्यांनी 'पीपीपीओई'. ॲडमिनचा पासवर्ड बदलला, वायफायला डब्ल्यूपीए-२ सुरक्षा, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळायची सोय) बंद. पाच गिगाहर्ट्‌झ वेगवान पण भिंतीला अडतं, म्हणून मागच्या खोलीला २.४. दिवा हिरवा झाला तेव्हा माझा चहाही गार झालेला नव्हता.

आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज केला आहे. त्याला फी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तिथे जाता येतं. म्हणून बँकेत नुसतं तोंडी बोलून परत येऊ नका, पोच घ्या. कॉल लॉगचे फोटो लगेच काढा, फोन जुन्या नोंदी पुसतो. अर्जात मी ४:५२ चा कॉल आणि ४:५८ चा मेसेज शेजारी शेजारी लावलेत. बाकीच्याचं काय व्हायचं ते होवो, ते ३८,६०० मी बँकेकडून घेणार आहे.