६२ थेंब, १,६८,९०० रुपये आणि मी विज्ञानाची शिक्षिका

एका भोंदू वैद्याने मला कसं फसवलं ते लिहू की नको करत चार महिने काढले. घरात फक्त ह्यांना आणि मुलीला माहितीये, शाळेत कुणालाच नाही, तिथे मी अजून "पायाला लागलं होतं" एवढंच सांगते. पण मागच्या आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना मंडईबाहेर एक जोडपं भेटलं, सेम डायलॉग, "बाबा, माझ्या आईला अगदी असंच होतं", आणि आजोबा नंबर घेऊन घरी आले. तेव्हा म्हटलं आता लाज गेली खड्ड्यात.

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बीएस्सी बीएड आहे, सोलापुरात २४ वर्षं सायन्स शिकवते. अभावजन्य विकारांचा तक्ता मी फळ्यावर किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही, व्हिटॅमिन ब१ कमी पडलं की बेरीबेरी, मग ती जावा बेटावरच्या कोंबड्यांची गोष्ट, पॉलिशचा पांढरा तांदूळ खाऊन कोंबड्यांच्या पायातलं बळ जायचं आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या परत उभ्या राहायच्या, त्या शोधाला १९२९ साली नोबेल मिळालं. पोरांना ही गोष्ट भारी आवडते. आणि ती सांगताना माझेच पाय बधिर होते, बोला आता.

मला शुगर आहे, नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली मी मेडिकलमधून आणून आणून चार वर्षं खाल्ली. घरात अंडंसुद्धा येत नाही, दूध चहापुरतं. पायाला मुंग्या दोन वर्षांपासून, मग रात्री तळपायाची अशी आग की पाय चादरीबाहेर काढून फरशीला टेकवायचे, आणि एक दिवस वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची एक चप्पल दारातच राहिली." खरंच राहिली होती. उजव्या पायातली निघाली आणि मी तशीच फळ्यापर्यंत चालत गेले, मला पत्ता नाही. पोरं हसली, मीही हसले.

डॉक्टरांना सांगितलं नव्हतं असं नाही. "शुगरमुळे होतं, कंट्रोल करा," हे प्रत्येक वेळी. माझं हिमोग्लोबिन १२.६ होतं त्यामुळे मी म्हणायचे रक्त चांगलं आहे म्हणजे व्हिटॅमिनचं काही नसणार. हे मी मनानेच ठरवलेलं.

तर फेब्रुवारीत मंडईबाहेर ते दोघं भेटले, नवरा-बायको वाटावेत असे, स्वच्छ कपडे, कडेवर मूल. "मावशी, पाय ओढताय का?" म्हणून सुरुवात. पुढचं तुम्हाला माहीतच असेल, त्याची आई, अंथरुणाला खिळलेली, अमुक वैद्यांनी बरी केली, लगेच फोन लावून आईशी बोलायलाही दिलं. ती आई इतकी गोड बोलली की काय सांगू. पैशाचा विषय त्यांनी काढलाच नाही, उलट मी विचारलं तेव्हा "तपासायचे ५०० घेतात, गुण आला नाही तर परत देतात" म्हणाले. रस्त्यावर भेटलेला माणूस तुमच्या दुखण्याबद्दल आपणहून बोलायला लागला की चालू पडा, त्याच्या कडेवर मूल असो नाहीतर हातात ज्ञानेश्वरी असो.

दोन दिवसांनी "वैद्य" घरी आले. बरोबर एक पोरगा, वही-पेन घेऊन. हे लातूरला गेले होते, मी एकटी. (एकटं असताना बोलवायचंच नाही. हे मला आता सुचतंय.) त्याने नाडी बघितली, पाय बघितले, म्हणाला नसांमध्ये खराब पाणी साचलंय, नसा दाबल्या गेल्यात, बाहेर काढावं लागेल, एका थेंबाचे ३,००० आणि "चार-पाच थेंब निघतील फार तर". मी मनात १५,००० धरले. म्हटलं एमआरआयला पण तेवढे जातातच की.

मग त्याने पितळी नळी काढली आणि ब्लेडने पायाच्या बोटांजवळ छोटे छोटे छेद दिले. आणि मला दुखलं नाही. अजिबात नाही. "बघा ताई, कळलं तरी का? हाताचा गुण असतो," म्हणाला आणि मी खरंच मान डोलावली! अहो, ब्लेडने कातडी कापली तरी कळत नाही हाच तर माझा आजार होता, त्याच्या हातात कसला गुण, माझ्या पायातच जीव नव्हता. त्याला हे पक्कं माहिती होतं. मुंग्यावाले, बधिर पायवाले, शुगरवाले असेच लोक हेरतात हे, कारण दुसऱ्या कुणाला कापलं तर तो बोंबलेल.

नळीला तोंड लावून ओढायचा आणि माझ्याच स्टीलच्या वाटीत थुंकायचा. पिवळसर, घट्ट. पोरगा मोजायचा, "सात... आठ... नऊ..." मी वाटीकडे बघत होते, आकड्याकडे माझं लक्षच नव्हतं. थांबला तेव्हा वहीत ६२.

आता ते सांगते ज्याच्यासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही. सगळं झाल्यावर तो बाथरूममध्ये गेला, साबणाने हात-तोंड धुतलं, फेस लागलेल्या हातांनीच माझा पांढरा नॅपकिन घेतला आणि तोंड पुसत बाहेर आला. नॅपकिनवर पिवळे डाग होते, आणि साबणाचा फेस जिथे जिथे लागला होता तिथे ते लालभडक झाले होते. मी ते बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि मला काय वाटलं? की बिचाऱ्याच्या तोंडाला माझं रक्त लागलं! हळद आणि साबण. हळद आम्लारीत लाल होते. हळदीच्या कागदाचा हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करून दाखवते, आणि शाळेचं सोडा, हळदीचा डाग पडलेला ब्लाउज साबणात टाकला की लाल होतो हे आपल्याकडे कुठल्याही बाईला माहीत असतं. तो तोंडात नाहीतर नळीत हळदीचा लगदा घेऊन आला होता. एवढं समोर दिसत असताना मी त्याला "चहा घेता का" विचारलं.

६२ गुणिले ३,००० म्हणजे १,८६,०००. मी हबकलेच. तो चिडला नाही, हात जोडले, "मी तर मेहनत केली ताई, अर्धवट सोडलं असतं तर विष वर चढलं असतं," आणि मग मोठेपणा दाखवून दीड लाखावर आला. एक लाख शहाऐंशीपुढे दीड लाख म्हटल्यावर मला चक्क छत्तीस हजार वाचल्यासारखं वाटलं. भिशीचे २३,५०० रोख दिले, ९६,५०० यूपीआयने, आणि पैसे गेले कुठल्यातरी मोबाइल रिपेअरिंगवाल्याच्या नावावर. तेही वाचलं मी. विचारलं तर म्हणे भाच्याचं खातं. बाकी ३०,००० दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात, तिथेच दोन पावडरी घेतल्या १८,४०० च्या, भाव तोळ्यावर, आणि खलात कुटून झाल्यावरच रक्कम सांगतात म्हणजे परत करायची सोय नाही. तपासायचे ५०० धरून १,६८,९००.

दोन दिवस पाय हलके वाटले, खोटं कशाला बोलू. दीड लाख दिलेत म्हटल्यावर वाटणारच. त्याने "इंग्रजी गोळ्या बंद" सांगितलं होतं म्हणून मेटफॉर्मिनही सोडली. तीन आठवड्यांनी एका छेदात पू झाला, हा मात्र खरा पू, शुगर ३४० वर, १४ दिवस ड्रेसिंग. ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे ढकललं मला.

त्यांनी काय केलं, तर खणातून ट्युनिंग फोर्क काढला. ध्वनीच्या धड्याला आम्ही लॅबमध्ये वापरतो तसाच. तो वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला आणि म्हणाले, थरथर थांबली की सांगा. मी म्हटलं, सुरूच कुठे झालीये? कानाला गुणगुण ऐकू येत होती आणि पायाला काहीच नाही. मग हाताच्या हाडावर ठेवला तेव्हा कळलं थरथर म्हणजे काय असते ते. मला तिथेच रडू आलं.

रक्तात व्हिटॅमिन बी१२ निघालं ११८. लॅबच्या कागदावर २०० च्या खाली म्हणजे कमी. डॉक्टर म्हणाले नसेवर वायरच्या रबरासारखं आवरण असतं, मायलिन, ते धड राहायला बी१२ लागतं, ते झिजलं की मुंग्या, आग, मग बधिरपणा, तोल जाणं. लिव्हरमध्ये साठा वर्षानुवर्षं पुरतो म्हणून तो संपत आला तरी सुरुवातीला कळत नाही. शुगरनेही नसा खराब होतात, माझ्यात दोन्ही असणार, पण बी१२ तपासल्याशिवाय सगळं शुगरवर ढकलायचं नसतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी शोषलं जातं, ॲसिडिटीच्या गोळीनेही तेच, वर मी शाकाहारी, म्हणजे तिन्ही दारं मीच उघडी ठेवलेली. आणि हिमोग्लोबिन बरं असलं म्हणून बी१२ बरं असतं असं नाही. मी मनाने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खायचे, त्याने रक्त ठीक दिसतं आणि आत नसा खराब होतच राहतात. हे ऐकून मी गप्पच झाले. मेटफॉर्मिन त्यांनी बंद नाही केली, परत सुरू केली. तर मुंग्या येत असतील तर आधी ही एक टेस्ट करा बाबांनो, आणि कुणाच्या सांगण्यावरून शुगरची गोळी सोडू नका. शेवाळाच्या गोळ्यांनी भरून निघेल असं कुणी म्हणालं तर तेही सोडा, त्यातलं बी१२ बहुतेक आपल्या कामाचं नसतं. आणि उलट टोकाला जाऊन नसांच्या म्हणून तीन-तीन प्रकारच्या गोळ्याही एकदम खाऊ नका, बी६ फार झालं तर त्यानेच पाय बधिर होतात, आमच्या एक वहिनी हा उद्योग करून बसल्यात.

माझा खर्च सांगू? फी ७००, टेस्ट ९५०, दहा इंजेक्शनं ४२ रुपयांना एक म्हणजे ४२०. एकूण २,०७०.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना?" मग काय त्याने माझ्या हाताला धरून दिले? पावती आहे का. नाही. मग कशावरून औषधाचे पैसे. मग म्हणाले दुकान दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणाले प्रकार तुमच्या घरी घडला, इकडे या. हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावं लागतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये लिहिलंय, हे मुलीने फोनवर वाचून दाखवलं म्हणून मी तिसऱ्या फेरीत तोंड उघडलं, तेव्हा कुठे साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, "बघतो" म्हणाले. आणि बाहेर पडताना तिथल्या एका हवालदाराने हळूच विचारलं, "काकू, पण थोडा फरक पडला का? आईचे गुडघे फार दुखतात हो माझ्या." मी तिथल्या बाकावर बसलेच.

पावडरी घेऊन औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. तिथले साहेब म्हणाले डब्यावर लेबल नाही, बॅच नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, त्यामुळे हे औषध आहे असं म्हणता येत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे लेबल लावून फसवलं असतं तर कारवाई! चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे म्हटलं तर म्हणे त्याने जाहिरात कुठे दिली, तो तर तोंडी बोलला. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकला. सगळीकडे मीच आरोपी. दोन सीएल आणि तीन हाफ डे गेले माझे, रिक्षाचे १,१४० वेगळे, ते मी हिशोबात धरलेले नाहीत.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाभरात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, माझ्यासारखं पंचवीस दिवस लाजत बसू नका, तोवर त्या खात्यात काही उरत नाही. आणि कोणी थेंबावर, तोळ्यावर भाव सांगितला तर तिथल्या तिथे उठा, चपला घालायलाही थांबू नका.

आता आग बरीच कमी आहे, डाव्या पायाला फरशी थंड लागते. उजव्या पायाची तीन बोटं अजून बधिरच आहेत, डॉक्टर म्हणाले उशीर झाला, सांगता येत नाही. त्या वैद्याचा नंबर बंद आहे, दुकानाच्या जागी ज्यूस सेंटर झालंय. तो नॅपकिन मी धुतला नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, पुरावा म्हणून कुणी मागितला तर. अजून कुणी मागितला नाही.