डावा पाय आखूड असल्याचं सांगून माझे 16,800 रुपये घेतले

मागच्या श्रावणात माझा उजवा खांदा धरला. सुरुवातीला फळीवरचा डबा काढताना कळ यायची. दिवाळीपर्यंत मागे हात नेऊन हूक लावणं बंद झालं, वेणी सून घालायला लागली. रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडायची. मी 56 वर्षांची आहे, नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचं महत्त्व आहे.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. सयाजी हॉस्पिटल घरापासून लांब नाही, तिथे फिजिओथेरपीचा विभाग आहे हेही ठाऊक होतं. पण जाऊबाईंच्या भिशीतल्या कुणाला एका ‘ऑस्टिओपॅथ’कडे, म्हणजे हातांनी दाबून-ओढून हाडा-सांध्यांवर उपचार करणाऱ्याकडे, गुण आला होता. ‘औषध नाही, इंजेक्शन नाही, तीन सिटिंगमध्ये मोकळं.’ रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. मी गेले.

अलकापुरीच्या बाजूला चकचकीत क्लिनिक. पाटीवर नावाआधी ‘डॉ.’, भिंतीवर चौकटीतली सर्टिफिकिटं. त्यांनी मला टेबलावर उताणं झोपवलं, दोन्ही घोटे हातात धरले आणि म्हणाले, “बेन, तमारो डाबो पग टूंको छे.” मान उचलून पाहिलं तर खरंच, डावी टाच उजवीपेक्षा बोटभर वर. कंबर सरकली आहे, त्यामुळे पाठीचा कणा वाकला, म्हणून खांदा अडकला, असं त्यांनी समजावलं. मग कमरेला एक झटका दिला. कडकन आवाज आला. पुन्हा टाचा जुळवल्या तर अगदी बरोबरीत! यजमान शेजारी उभे होते, त्यांनीही डोळ्यांनी पाहिलं. आम्ही त्याच खुर्चीत बसून 14 सिटिंगचे 16,800 रुपये फोनवरून भरले. पावती मागितली, तर “व्हॉट्सॲपवर येईल” म्हणाले. ती आलीच नाही.

मला मधुमेह आहे का, रक्तदाब किती, हाडं ठिसूळ आहेत का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. खांद्याला तर पहिल्या दिवशी हातच लावला नाही.

दुसऱ्या सिटिंगला त्यांनी दुखरा हात जोर लावून वर नेला. मी ओरडले. “गाठ सुटते आहे” असं उत्तर मिळालं. तिसऱ्याला हनुवटी धरून मानेला अचानक हिसडा दिला. घरी येताना रिक्षात गरगरायला लागलं, दोन दिवस चक्कर होती. लेकीने फोनवर ऐकलं आणि ती रडकुंडीलाच आली. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात. अशा हिसड्याने त्यांतली एखादी आतून फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचितच होतं, पण होतं. माझ्यावर वेळ आली नाही, हे नशीब.

मग सयाजी हॉस्पिटलला गेले. हाडांच्या डॉक्टरांनी कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितला. वळेना. त्यांनी स्वतः वळवून पाहिला, तरी वळेना. एक्स-रे स्वच्छ. ‘फ्रोझन शोल्डर’. सांध्याभोवतीचं आवरण सुजून आखडतं, आणि मधुमेह्यांमध्ये हे पुष्कळ दिसतं. बरं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे त्यांनी लगेच सांगून टाकलं. म्हणजे तीन सिटिंगचं वचन पहिल्या दिवसापासून खोटं होतं. शिवाय दुखण्याच्या भरात हात ओढला की सांधा आणखी चिडतो.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीला मी पायाचं सांगितलं. तिने मला झोपवलं आणि दोन्ही पाय एकत्र धरून किंचित उजवीकडे नेले. डावी टाच वर! मध्ये आणले, टाचा सारख्या. डावीकडे नेले, तर उजवा पाय आखूड. झटका नाही, काही नाही. मी दोनदा करून दाखवायला लावलं. आणि तो ‘कडकन’ आवाज म्हणजे सांध्यातल्या द्रवात होणारा वायूचा बुडबुडा, बोटं मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे.

आता ऑस्टिओपॅथीबद्दल. ती विद्या खोटी आहे असं मी म्हणत नाही. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टराने 1874 मध्ये ती मांडली. अमेरिकेत त्या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने नोंदणीशिवाय कुणाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही. आपल्याकडेही फिजिओथेरपीची पदवी घेऊन पुढे हे रीतसर शिकलेले लोक आहेत. माझ्याशी गाठ पडलेल्या माणसाचं सर्टिफिकेट मात्र लेकीने फोटो मोठा करून वाचलं, तर पाच दिवसांच्या शिबिराचं निघालं. फिजिओथेरपिस्ट त्यांची पदवी मिळवण्यासाठी चार वर्षं अभ्यास आणि वर इंटर्नशिप करतात. म्हणून पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा किती वर्षं, कुठे शिकलात, हे तोंडावर विचारा. विचारल्याचा राग आला तर तिथून उठा. पैसे एकेका सिटिंगचे द्या, पॅकेज नको. आणि दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, हातापायातली शक्ती जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर ऑस्टिओपॅथ किंवा फिजिओथेरपिस्ट, कुणाकडेही न जाता आधी डॉक्टर गाठा.

उरलेल्या 11 सिटिंगचे पैसे मागितले तेव्हा आधी “सर बाहेर आहेत” ऐकलं, नंतर फोनच उचलेनात. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. पावती नाही, पण पैसे गेल्याची नोंद बँकेत आहे आणि सिटिंगच्या वेळा कळवणारे त्यांचे मेसेज मी जपून ठेवलेत. तुम्हीही काही पुसू नका.

व्यायाम साधे आहेत. टेबलाचा आधार घेऊन वाकायचं आणि हात लोलकासारखा सोडायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. काठी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकलायचा. साडेचार महिने झाले. भिंतीवर मी पेन्सिलने रेघा मारते, पहिल्या रेघेपेक्षा आता वीतभर वर पोचते. हूक अजून लागत नाही.

गेल्या आठवड्यात जाऊबाई गुडघ्यासाठी त्याच क्लिनिकची वेळ घेऊन आल्या. मी त्यांना दिवाणावर झोपवलं, दोन्ही घोटे धरले आणि जरा उजवीकडे नेले.