एकत्रित निविदा की ग्रामपंचायतीचे स्वतःचे काम?

गावात इंटरनेट आणि संगणक कक्ष करायचा झाल्यास काम जिल्हा पातळीवरच्या एकत्रित निविदेत घालावे की अबंधित निधीतून (गावाच्या गरजेनुसार वापरता येणाऱ्या निधीतून) ग्रामपंचायतीने स्वतः करावे, हा प्रश्न मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगराळ गगनबावडा तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य असताना आमच्यासमोर आला, आणि आम्ही दोन्ही वाटांनी गेलो.

एकत्रित निविदेची बाजू लंगडी नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या बागायती पट्ट्यात ठेकेदार आपणहून येतो. डोंगरातल्या वाडीचे सुटे काम काढले तर कोणी फिरकत नाही. सगळे तालुके एकत्र बांधले की त्याला वर यावेच लागते, आणि आमच्याकडे इंटरनेटची केबल आली ती त्यामुळेच.

मात्र पहिल्याच पावसाळ्यात गटारीच्या खोदाईत जेसीबीने ती तोडली. आम्ही तक्रार नोंदवली. आठव्या दिवशी 'तक्रार निकाली' असा संदेश आला, तेव्हा तुटलेले टोक शाळेच्या कुंपणाला सुतळीने बांधलेले होते. पुन्हा नोंद केली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. असे तीनदा झाले. चौकशी केल्यावर कळले की ठेकेदाराचे बिल टाकलेल्या मीटरवर निघत होते, सेवा चालू राहिलेल्या दिवसांवर नव्हे. माझे मत तिथेच फिरले.

दुसऱ्या वेळी ग्रामसभेत ठराव करून तालुक्यातल्याच केबलवाल्याला काम दिले आणि मुख्याध्यापक व ग्रामसेवकांनी नोंदवहीत सही केल्यावरच दर तिमाहीचे पैसे, अशी अट घातली. बिघाड झाला की तो बहुधा त्याच संध्याकाळी येई. लोकांना संगणकापेक्षा सातबाऱ्याची आणि ऊसबिलाची प्रत हवी होती, म्हणून आम्ही यादीतले दोन संगणक कमी करून प्रिंटर आणि इन्व्हर्टर घेतला. वारणा साखर कारखान्याच्या परिसरातल्या सुमारे 70 गावांत 1998 मध्ये संगणक केंद्रे सुरू झाली होती. तिथेही पुढे 2007 मध्ये 7 गावांत ऊसाची माहिती संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली गेली. गरज दिसेल तशी योजना बदलण्याची ही मोकळीक मोठ्या निविदेत आम्हाला तरी मिळाली नाही.

स्वतःच्या कामात पैशाची अडचण खरी आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021-26 चा निधी मुख्यतः लोकसंख्येवर होता, त्यात अबंधित भाग 40 टक्के. लहान गावाला तो पुरत नसे. शेजारच्या ग्रामपंचायतीला सोबत घेता आले तर मी तरी हीच वाट सुचवेन. एकत्रित निविदेत जायचेच असेल, तर संमतीचा ठराव देण्यापूर्वी बिल मीटरवर निघणार की चालू दिवसांवर, हे लेखी विचारून घ्यावे. आम्ही ते विचारले नव्हते.