कर्बल स्पेस प्रोग्राम: सरळ वर उडवलेली माझी चार रॉकेटं

भाच्याने लॅपटॉपवर रॉकेट जोडून उडवायचा हा गेम टाकून दिला आणि म्हणाला, "मावशी, जेबला कक्षेत पोचव." जेब म्हणजे जेबेडाया, हिरव्या तोंडाचा आणि कायम दात काढणारा अंतराळवीर. मी खाली इंजिन लावलं, वर दणदणीत टाकी, आणि स्पेसबार दाबला. रॉकेट सरळसोट वर. गेममधल्या ग्रहाचं वातावरण सत्तर किलोमीटरला संपतं, ते ओलांडलं, अडीचशेपर्यंत पोचले आणि उंचीचा आकडा थबकला. मग उलटा फिरायला लागला. जेब गेला तसाच खाली आला.

टाकी वाढवत आणखी तीनदा हेच केलं. चौथ्या वेळी भाचा मागे उभा होता. "उंची काय बघतेस? आडवा वेग बघ की."

तो जवळजवळ शून्य होता. तिथे माझी ट्यूब पेटली.

पुरेसं वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं, असं मी शाळेपासून धरून चालले होते. अंतराळ स्थानक फिरतं त्या 400 किलोमीटरवरही ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक सतत पडतच असतं, फक्त पडता पडता सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवं पळत असतं. कागदावर मांडून बघितलं: कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर पडते, आणि आठ किलोमीटर पुढे गेलं की पृथ्वीचा पृष्ठभागही सुमारे पाच मीटर खाली वळलेला असतो. दोन्ही जुळलं की झाली कक्षा. त्या 400 किलोमीटरवर एक किलो वजन नुसतं उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे आठपट त्याला आडवं पळवायला लागते. 1961 मध्ये अमेरिकी अंतराळवीर ॲलन शेपर्ड 187 किलोमीटर उंच गेले आणि पंधरा मिनिटांत समुद्रात उतरले. त्याआधी तीनेक आठवडे सोव्हिएत अंतराळवीर गागारिन पृथ्वीला अख्खी फेरी मारून आले होते. शेपर्डच्या यानाला तेवढा वेगच दिलेला नव्हता.

हे कळल्यावर मी अतिशहाणपणा केला. आडवंच जायचंय ना, मग उडाल्या उडाल्या वळवू! दोन किलोमीटरवर नाक झुकवलं आणि रॉकेटने सपशेल कोलांटी मारली. खालची हवा दाट, तिने बाजूने धरलं की सुटका नाही. आणि हवेला घाबरून फार वेळ सरळ जावं, तर उभ्या उभ्या जळणाऱ्या प्रत्येक सेकंदाला गुरुत्वाकर्षण जवळपास दहा मीटरचा वेग खाऊन टाकतं.

जमलेली रीत अशी. वेग सेकंदाला शंभर मीटर झाला की नाक पूर्वेला पाच अंश, बस्स. मग नेव्हबॉलवर, म्हणजे निळं आकाश आणि तपकिरी जमीन दाखवणाऱ्या गोळ्यावर, वेगाची पिवळट खूण सरकेल तिकडे नाक ठेवायचं. पुढचं वाकवायचं काम गुरुत्वाकर्षणच करतं. याला ग्रॅव्हिटी टर्न म्हणतात. पूर्वेला का, तर ग्रह तिकडेच फिरतो. पृथ्वीच्या विषुववृत्तावर हा फुकटचा धक्का सेकंदाला 465 मीटरचा असतो.

पण गेमची खरी मजा नकाशात आहे. सरळ वर जाताना आपला मार्ग सुईसारखा बारीक दिसतो. आडवा जोर लावला की ती रेघ फुगायला लागते, आणि ग्रहाच्या पोटात दडलेला पीई, म्हणजे कक्षेचा सगळ्यात खालचा बिंदू, पलीकडच्या बाजूने हळूहळू वर येतो. तो जमिनीतून बाहेर पडताना मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

एक गोष्ट खटकली. इथल्या ग्रहाची त्रिज्या फक्त 600 किलोमीटर, त्यामुळे सेकंदाला सव्वादोन-अडीच किलोमीटरच्या वेगात काम भागतं. इथे पास झालेलं रॉकेट पृथ्वीवर साफ नापास होईल, आणि आपण उगाच फुशारून जातो. तरी ज्याला "रॉकेट तिरकं का जातं" असा प्रश्न पडलाय, त्याला मी हाच गेम देईन. दोन संध्याकाळी मात्र मोकळ्या ठेवा.

माझा पीई शेवटी 74 किलोमीटरवर, म्हणजे हवेच्या वर, थांबला. जेब अजून तिथेच फिरतोय, कारण त्याला खाली आणायला इंधन उरलेलं नाही. भाचा म्हणतो, दुसरं रॉकेट पाठव.